पाठ लागली न्हाई!

कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या गावागावांत एक आप्पा असतातच. आमच्या आप्पांनी जन्मात कुस्ती केलेली नाही. कान अजून धडधाकट आहेत, हाच पुरावा. पण चहाच्या टपरीवर ऑलिंपिकवीर पैलवान खाशाबा जाधवांचा विषय निघतोच. नाही निघाला, तर आप्पा काढतात.

"हेलशिंकी, 1952!" एवढं म्हणून ते टोपी सरळ करतात. मग समोरच्याचं मनगट धरून ढाक कशी लागते ते दाखवतात. त्याचा चहा हमखास सांडतो. जपानच्या इशीपाशी आले की आवाज चढतो. "पॉइंटावर हारलं! पाठ लागली न्हाई! आन् त्यो इशी सोनं घिऊन गेला, म्हंजी हारलो ते कुणाकडनं बघा की!" कांस्यपदक हे जवळजवळ सुवर्णच, असं ऐकणाऱ्यालाही वाटू लागतं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी खाशाबांसाठी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले, हे सांगताना मात्र आप्पांचा गळा दाटतो. एरवी शेजाऱ्याला शिडी द्यायची म्हटलं तरी हेच आप्पा कां-कूं करतात.

खाशाबा परतल्यावर त्यांच्या गोळेश्वर गावापर्यंत मिरवणूक निघाली, शंभरावर बैलगाड्या होत्या म्हणतात. आप्पांच्या हिशेबात त्या दर दिवाळीला वाढतात. "आप्पा, तुमचा जन्म तर 1954 चा," असं कुणी म्हटलंच, तर "गाडी आमचीच हुती की!" हे उत्तर तयार.

आप्पांची खरी जोड लागते ती सांगलीच्या मेव्हण्याशी. मेव्हणा कवठेपिरानच्या मारुती मानेंचा भक्त. "दाजी, 1962 ला जकार्त्यात सुवर्ण, वर एक रौप्य! 1964 ला हिंदकेसरी!"

"पाव्हणं, ते एशियाड. आमचं ऑलिंपिक."

आक्का मध्ये पडून मटणाचं ताट वाढते, तेव्हा कुस्ती बरोबरीत सुटते.

परवा नातू टीव्हीवर जर्मनीच्या बेकेनबाउअरचा जुना फुटबॉल सामना बघत होता. हा बचावपटू निवृत्त होऊन जमाना झाला, 2024 मध्ये गेलाही, पण तिकडे लोक अजून त्याचंच नाव घेतात, असं त्यानं सांगितलं. "नुस्तं अडवायचं काम? मग डाव कुटला टाकत हुता?" आप्पांना काही पटेना. पण 1970 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात खांदा निखळल्यावर हात गळ्यात बांधून गडी शेवटपर्यंत खेळला, हे ऐकताच ते उठून बसले.

"हारलं का जिकलं?"

"हरले. इटलीकडून, 4-3."

"म्हंजी पाठ लागली न्हाई!"

दुसऱ्या दिवशी टपरीवर बेकेनबाउअरचे दोन्ही खांदे निखळले होते.