तासाभराचा कामकरी

पिंट्याला रोजगार मिळाला, हे त्याच्या घरी अजून कुणाला ठाऊक नाही. पिंट्यालाही नाही.

गेल्या आठवड्यात सहा दिवस त्याने भरतीचे अर्ज भरले. सातव्या दिवशी वडील लग्नाला गेले म्हणून तो तासभर घरच्या पिठाच्या गिरणीवर बसला, फुकट. देशाच्या श्रमबल पाहणीचा साप्ताहिक निकष सांगतो : मागच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी किमान १ तास काम केलं, की माणूस रोजगारात. घरच्या धंद्यातल्या बिनपगारी मदतीलाही क्रमांक आहे, २१. आठवड्याचे तास १६८. त्यातला एक भरला, की नोकरीची वणवण हिशेबातून बाद.

म्हणून या तासाला जपायला हवं. ज्वारीचं दळण चालू असताना चाळिसाव्या मिनिटाला लाइट गेली, तर पिंट्या बेरोजगार. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस मिनिटं दळलं आणि पट्टा तुटला, तरी बेरोजगारच. मिनिटं ऐंशी झाली, पण एका दिवसात तास भरला नाही. म्हणजे बेरोजगारी हटवायला कारखाने कशाला हवेत? वायरमनने आठवड्यातून एकदा तासभर लाइट टिकवली की झालं. शेजारच्या काकूंनी ‘जाड झालंय, पुन्हा दळ’ म्हणून डबा परत आणला, तर त्या दहा मिनिटांबद्दल काकूंचा रोजगारनिर्मितीसाठी सत्कारच करावा, नारळ-शाल देऊन.

वर्षभराच्या निकषात दुय्यम कामाचे ३० दिवसही पुरतात. त्या मापाने २०१७-१८ मधली ६.१ टक्के बेरोजगारी २०२३-२४ मध्ये ३.२ वर आली. आकडा खोटा नाही. त्यात असे पिंटेही आहेत, एवढंच.

पण आईचं काय? ती पाचला उठते. पाणी, सरपण, रानभाजी, स्वयंपाक, फाटकं शिवणं. तिचा क्रमांक ९३, श्रमबलाबाहेर. म्हणजे ती काम करत नाही आणि मागतही नाही! पोराचा एक तास चिमटीत धरून मोजता, आणि तिचे चौदा तास दिसत नाहीत? कुठल्या घड्याळात बघून ठरवलं हे?

पाहणीसाठी टॅब घेऊन आलेल्या मॅडमनी विचारलं, ‘तुम्ही काय करता?’

‘काही नाही, घरीच असते,’ म्हणत ती चहा टाकायला उठली. चहाला दहा मिनिटं लागली. ती कुठेच धरली नाहीत.