हंगेरीचा बाप

मुलगा परदेशात असलेला बाप भिगवणच्या स्टँडवर लांबूनही ओळखू येतो. एप्रिलच्या उन्हात त्याच्या अंगात जाकीट असतं, मोबाइलच्या पडद्यावर दोन घड्याळं असतात आणि चहाचा घोट घेता घेता, कुणीही विचारलेलं नसताना, तो जाहीर करतो, "आत्ता तिकडं सकाळचे साडेसात झाले असतील."

अशा बापांतही उतरंड असते. अमेरिकेचा बाप सगळ्यांत वर. त्यानं नुसतं 'न्यू जर्सी' म्हटलं तरी दोन माणसं सरकून बाकावर जागा करतात. जर्मनीच्या बापाच्या मदतीला मोटारींची नावं धावून येतात. दुबईच्या बापाचा मान थोडा कमी, पण त्याच्याकडे खजूर असतो, त्यामुळे त्याच्या भोवतीची माणसं हलत नाहीत. खरी पंचाईत हंगेरीच्या बापाची. त्याला आधी देश सिद्ध करावा लागतो, मगच मुलाचं कौतुक सुरू करता येतं.

असा एक बाप आमच्याकडे आहे. आपण त्यांना आप्पा म्हणू. ऊसवाला बागायतदार, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी न चुकवणारा माणूस. मुलगा इंजिनिअर झाला, चाकणला लागला आणि तिथून थेट हंगेरीला गेला. ही थाप नाही. अपोलो टायर्सनं २०१७ मध्ये हंगेरीच्या हेवेश जिल्ह्यात कारखाना सुरू केला आणि आपल्याकडची पोरं तिकडे दिसायला लागली. कारखान्याच्या गावाचं नाव ग्यॉन्ग्यॉशहालास. आप्पा ते घेत नाहीत. 'टायरचं गाव' म्हणतात. त्यावर पारावर झालेला संवाद असा :

"हंगेरी म्हंजी नेमकं कुठं आलं, आप्पा?"

"ऑस्ट्रियाच्या शेजारी."

"आन ऑस्ट्रिया?"

"आता हंगेरी सांगितलं ना तुला? तिच्या शेजारी!"

मुलानं आईवडिलांना महिनाभरासाठी बोलावून घेतलं. बाजरीचं पीठ, कांदा-लसूण मसाला आणि भडंग यांचं वजन करण्यात घरच्यांचे आठ दिवस गेले, ते सोडून देऊ. टायरच्या गावात बघण्यासारखं म्हणजे टायर. म्हणून पहिल्याच रविवारी मुलानं त्यांना तास-पाऊण तासावरच्या एगरला नेलं. एगर हे हेवेश जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. किल्ला, तांबडी वाइन आणि गरम पाण्याची कुंडं या तिन्हींसाठी युरोपभर माहीत असलेलं जुनं गाव. त्या एका रविवारावर आप्पा आज तीन वर्षं बोलतायत.

किल्ल्यापासून सुरुवात करतात. १५५२ साली तुर्कांनी एगरला वेढा घातला. आत किल्लेदार इश्तवान दोबो आणि बायकापोरं धरून सुमारे दोन हजार माणसं. बाहेर तुर्कांची फौज. ही फौज किती होती, ते आप्पा कुठं बसलेत त्यावर ठरतं. घरी सांगताना चाळीस हजार. भिगवणच्या बाजारात साठ. बारामतीच्या एका लग्नात, जेवणाची पंगत लांबल्यामुळे, ती दीड लाखावर गेली. यात आप्पांना हसायचं कारण नाही. आजचे अभ्यासक पस्तीस-चाळीस हजार सांगतात, पण हंगेरीच्या जुन्या कथनांतही आकडा दीड लाखापर्यंत चढलेला आहे. पंगती त्यांच्याकडेही लांबत असणार.

महिनाभराहून जास्त वेढा चालला आणि तुर्क हात हलवत परत गेले. तटावरून उकळतं डांबर आणि पाणी ओतणाऱ्या बायका हंगेरीत शाळेतल्या पोरांनाही माहीत असतात, कारण गेझा गार्दोन्यी या लेखकानं या वेढ्यावर लिहिलेली कादंबरी तिथं घरोघरी वाचली जाते. आप्पांच्या घरच्यांना, म्हणजे काकूंना, संपूर्ण एगरमध्ये पटलेली गोष्ट ही एकच. "ओतायला तरी बायकाच लागल्या ना?" एवढंच त्या म्हणतात आणि भाकरी उलटतात.

पुढचा भाग आप्पा जरा भरभर सांगतात. १५९६ मध्ये तुर्क पुन्हा आले आणि या वेळी एगर पडलं. मग ९१ वर्षं तुर्की अंमल. १६८७ मध्ये तो सुटला. "म्हंजी इकडं संभाजीराजं औरंगजेबाशी लढत व्हतं, त्याच टायमाला!" हे वाक्य म्हणताना आप्पांचा आवाज असा चढतो, की दोन्ही आघाड्यांवर रसद यांनीच पोचवली असावी. पण साल बरोबर आहे. तपासून पाहिलंय.

तुर्क गेले, मिनार राहिला. चाळीस मीटर उंच, आत ९७ पायऱ्यांचा गोल जिना आणि रुंदी इतकी कमी की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्याची वाट बघायची. मिनार पाडायला चारशे बैल जुंपले होते आणि तरी तो हलला नाही, अशी आख्यायिका तिथं सांगतात. ती ऐकताच आप्पांनी मुलाला विचारलं, "बैल कुठल्या जातीचं व्हतं?" मुलाला सांगता आलं नाही. चाळीस लाख रुपये शिक्षणावर घालून पोराला बैलाची जात कळत नाही, हे दुःख त्यांनी मिनाराच्या टोकावर उभं राहून व्यक्त केलं. "खिलार जुंपली असती तर काम झालं असतं," हा त्यांचा निर्वाळा.

आणि मग वाइन.

गावाच्या कडेला एक दरी आहे. मऊ ज्वालामुखी दगडात कोरलेली वाइनची तळघरं ओळीनं उभी आहेत, दारात टेबलं मांडलेली. दरीचं नाव 'सुंदर बाईची दरी' असं आहे आणि काकू जवळ असल्या की आप्पा 'ती दरी' एवढंच म्हणतात. इथली प्रसिद्ध तांबडी वाइन म्हणजे एग्री बिकावेर, बैलाचं रक्त. वेढ्याच्या वेळी दोबोच्या शिपायांनी तांबडी वाइन प्यायली, ती दाढ्यांवरून ओघळली, आणि हे लोक बैलाचं रक्त पिऊन लढतात असं वाटून तुर्कांची गाळण उडाली, अशी ही गोष्ट. इतिहासकारांना ती मान्य नाही, दुकानदारांना आहे.

आता, माळकरी माणूस तळघरात शिरला, समोर पेला आला आणि पुढं काय झालं, हा भिगवणमधला गेली तीन वर्षं अनिर्णित राहिलेला प्रश्न आहे. आप्पा माळेला हात लावून सांगतात की थेंब घेतला नाही. कुणी विश्वास ठेवत नाही. "थंडी लय आसंल आप्पा," असं म्हणून लोक सहानुभूती दाखवतात. एकानं तर वारीत, ऐन दिंडीत, "बैलाचं रक्त कसं लागतं वो?" असं विचारलं. न प्यायलेल्या पेल्याची एवढी बदनामी मी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेली पाहिली नाही.

त्यांनी खरंच घेतली नाही. हे मला काकूंनी सांगितलं आणि त्यांना खात्रीनं माहीत असायचं कारणही सांगितलं. आप्पांचा पेला त्यांनीच संपवला होता. "पैसं दिलेलं व्हतं ना," त्या म्हणाल्या. "जरा तुरट लागतं. दुसऱ्या घोटाला बरं वाटतं." हे काकूंना गावात आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही.

पेला काकूंकडे सरकवून आप्पा तळघरवाल्याच्या मागं लागले. एकरी माल किती? किलोला दर काय? छाटणी कधी? मुलगा मध्ये बसून दोन्हीकडचं भाषांतर करत घामाघूम झाला. आपल्याकडे द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी. तिकडे थंडीत वेल झोपी जाते, त्यामुळे मुख्य छाटणी एकच, हिवाळा सरताना. इथवर आप्पांनी ऐकून घेतलं. पण चांगली वाइन हवी म्हणून वेलीवरचे घड मुद्दाम काढून टाकतात आणि मणी बारीक राहिलेला त्यांना आवडतो, हे ऐकल्यावर ते उठून उभे राहिले. इंदापूर तालुक्यात बोरीकडचे बागायतदार मणी फुगावा म्हणून घड जीए या संजीवकाच्या पाण्यात बुडवून काढतात. आणि हा गडी बारीक मण्याचं कौतुक सांगतोय! तळघरवाल्यानं शांतपणे समजावलं : रंग आणि तुरटपणा सालीत असतो, मणी बारीक तेवढी रसाच्या मानानं साल जास्त. शिवाय बिकावेर एका जातीची होत नाही. केकफ्रांकोश नावाचं द्राक्ष मुख्य धरून त्यात आणखी जाती मिसळाव्या लागतात. आप्पा तासभर बसले. निघताना तळघरवाल्यानं त्यांना मिठी मारली. त्याच्याकडे येणारी गिऱ्हाइकं बिकावेर किती वर्षं मुरली एवढंच विचारत असावीत. मुळीला पाणी किती देता, हे विचारणारा बहुधा पहिलाच.

उसाला पाटानं पाणी सोडणाऱ्या आप्पांनी त्याला ठिबकवर व्याख्यान दिलं, हेही मुलाकडून कळलं.

गरम पाण्याचं प्रकरण मात्र त्यांच्या जिव्हारी लागलंय. एगरमध्ये तुर्कांच्या वेळचं, सतराव्या शतकातलं हमाम अजून चालू आहे. पण आप्पांना घाव बसला तो शेजारच्या एगरसालोकला. तिथं १९६१ मध्ये बोअर घेतली, चारशे मीटरच्या आसपास गेले आणि खालून पासष्ट अंशांच्या वरचं पाणी उसळलं. त्यातल्या क्षारांचे थर साचून साचून पांढरी शुभ्र टेकडी तयार झाली, खाली हौद बांधले, हॉटेलं आली आणि लोक पैसे मोजून त्या पाण्यात बसायला लागले. काकू काठावर बसून राहिल्या. आप्पा मुलानं घेऊन दिलेल्या चड्डीत उतरले, गळ्यापर्यंत पाण्यात बसले, आणि डोळे मिटून घेतलेल्या त्या माणसाला पाहून आजूबाजूच्यांना वाटलं असेल, किती समाधानी आहे हा! ते मनात हिशेब करत होते. त्यांच्या शेतात तीन बोअर आहेत. एकीतून फुफाटा निघाला, दुसरीतून आणखी फुफाटा, तिसरीत मोटर अडकली. "चारशे मीटर म्हंजी तेराशे फूट," ते अजूनही सांगतात. "आपण सहाशेलाच थांबलो, राव."

परत आल्यावर दोन महिने त्यांनी ऐकणाऱ्यांचे कान खाल्ले. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आमच्या एगरला'. रस्त्यात खड्डा दिसला की एगर, दुकानदारानं सुट्टे दिले नाहीत की एगर. इथवर हा नमुना सगळ्यांच्या ओळखीचा आहे आणि मी त्याच्यावर पानं खर्च केली नसती. पण आप्पांचं पुढं वेगळंच झालं. तिकडं पडका किल्ला, उभा राहिलेला मिनार आणि बोअरचं पाणी एवढ्यावर गाव चालतं हे बघून आलेला माणूस इथं हिशेब मांडायला लागला, की आपल्याकडं काय काय आहे.

निघालं भरपूर. इंदापुरात मालोजीराजांची गढी. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं तेव्हा पाण्याखाली गेलेलं पळसदेवचं जुनं देऊळ, जे उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कोरलेल्या दगडांसकट वर येतं. डिकसळचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल. आणि ११७ टीएमसीच्या त्या पाण्याच्या काठावर दर हिवाळ्यात उतरणारे हजारो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. साठी उलटेपर्यंत आप्पांनी यातलं एकही जाणूनबुजून बघितलेलं नव्हतं. एगरच्या ९७ पायऱ्या चढणारा माणूस उजनीच्या काठावरच्या कुंभारगावच्या होडीत पहिल्यांदा बसला तो हंगेरीहून आल्यावर. 'बगळं' म्हणून ज्यांच्याकडे जन्मभर पाठ केली, ते पक्षी उडताना पंखाखाली लालभडक दिसतात, हे बघून ते बराच वेळ गप्प होते, असं होडीवाला सांगतो. नंतर "यांना तिकीट लावा," म्हणाले.

मग निवेदनांचं पर्व. आप्पांचं निवेदन कागदाच्या दोन्ही बाजूंना असतं. पहिली मागणी पळसदेवला माहितीफलक. दुसरी गढीची निगा. तिसरीत ते अडखळतात, कारण तिथं वाइन येते. पाटसहून बारामतीकडे येताना रोटीजवळ फोर सीझन्सची वायनरी आहे, युरोपातल्या गढीसारखी इमारत, चवीला पेले, सगळं एगरच्या वळणाचं. आणि त्याच रोटीचा घाट तुकोबांची पालखी दरवर्षी चढते. राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ चं आहे. पण जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायची परवानगी मंत्रिमंडळानं दिली, तेव्हा एवढा गदारोळ उठला की निर्णय कागदावरच राहिला. जे सरकारला जमलं नाही ते आप्पांना माळ घालून कसं जमणार? निवेदनात शेवटी त्यांनी 'द्राक्षाधारित पर्यटन' असं लिहिलं. त्याच्या खाली सह्या करणारे सगळे गालात हसत होते. चौथी मागणी भिगवण परिसरात तेराशे फुटांपर्यंत बोअर घेऊन पाण्याचं तापमान मोजण्याची. ती एकमतानं वगळण्यात आली.

माझं मत विचाराल तर गावात असा एक माणूस असावा. अमेरिकेचा बाप परत येतो तो गावाला नावं ठेवायला. हंगेरीचा बाप पळसदेवच्या दगडावरचं शेवाळ स्वतः घासायला बसतो. त्याच्याइतका वैताग देणारा माणूस पंचक्रोशीत नाही, हेही तितकंच खरं.

डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान रोहित बघायला येणार असाल तर उजाडायच्या आत कुंभारगावला पोचा, तिथल्या मच्छीमारांचीच होडी करा आणि पक्ष्यांच्या थव्यात होडी घालायला त्यांना सांगू नका. काठावर एखाद्या माळकरी गृहस्थांनी "हंगेरी पाहिलीय का?" असं विचारलं, तर "पाहिलीय" म्हणा. "नाही" म्हणालात तर तुर्कांची फौज दीड लाखावर जाईपर्यंत तुमची होडी सुटत नाही.