सेफमोड काका

सेफमोड काकांना बोलावण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून आपापली जबानी जुळवून घ्यावी लागे. २००७-०८च्या सुमारास आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हे लहान पोरांनाही माहीत होतं. कॉम्प्युटरला व्हायरस लागला हे संकट तसं किरकोळ. खरं संकट संध्याकाळी साडेसहाला बेल वाजवून येई. चपला दाराबाहेर काढून काका आत येत, खुर्ची पुढे ओढत, मशीन चालू करून एफ-एटचं बटण धाडधाड दाबत सुटत आणि स्क्रीनवर काही दिसायच्या आत मान वळवून विचारत,

“हं. खरं सांगा. काय केलं होतंत?”

“काही नाही हो काका.”

“काही नाही केलं की काही नाही होत. खरं सांगा.”

एफ-एटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आता ते कुणी दाबत नाही. विंडोज उठत असताना ते बटण दाबत राहिलं, की ती अगदी गरजेपुरत्या सामानानिशी उठायची. अक्षरं बटबटीत, रंग उडालेले, चारी कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ लिहिलेलं. बरेचसे व्हायरस त्या अवस्थेत झोपलेले असत, म्हणून तिथे हाती लागत. काकांनी हे इतक्या घरांत इतक्या वेळा समजावून सांगितलं, की पोरांनी त्यांचं बारसंच करून टाकलं. त्यांच्या खऱ्या नावानं त्यांना बहुधा फक्त पोस्टमन ओळखायचा.

काका राष्ट्रीयीकृत बँकेतले. युनियनवाले कॉम्प्युटरविरुद्ध घोषणा देत होते, त्या काळात त्यांनी गुपचूप कॉम्प्युटरचं ट्रेनिंग घेतलं. बँकेतल्या त्या एसी खोलीत चपला बाहेर काढून जायचं, ती सवय कायमची अंगात मुरली. २००१ साली व्हीआरएस घेऊन ते घरी बसले आणि बसले नाहीत. येताना त्यांनी बँकेतून दोन गोष्टी आणल्या : लाल कापडी पाठीचं एक रजिस्टर, आणि नावे-जमा जुळल्याशिवाय घरी जायचं नाही हा हट्ट.

रजिस्टरात रकाने होते. तारीख, फ्लॅट नंबर, लक्षणं, उपाय, आणि शेवटी ‘स्रोत’. हा शेवटचा रकाना आमच्या मुळावर आला. आम्ही म्हणायचो, “काका, आपोआप आला.” काका पेन उचलून धरत. “आपोआप हा स्रोत नाही. समजा बँकेत पैसे आलेत. कुठून आले? आपोआप? असं लिहिलं तर मला ठेवतील नोकरीत?” आता आम्ही काय सांगणार! नोकरी तर ते सोडून आले होते.

पुण्यात तेव्हा पेनड्राइव्हमधून पसरणाऱ्या व्हायरसांची साथ होती. त्यातला एक ‘न्यू फोल्डर’ नावाचा. फोल्डरच्या आत फोल्डरचंच पिवळं चित्र दिसे. दोनदा टिचकी मारली की आत काही नाही, पण मशीनचं काम तमाम. ते फोल्डर नव्हतंच. तो फोल्डरचं चित्र चिकटवलेला प्रोग्राम होता, आणि नावापुढचं ‘डॉट ईएक्सई’ विंडोज सवयीनं लपवून ठेवत असे. मग टास्क मॅनेजर उघडेना, मेनूतलं ‘फोल्डर ऑप्शन्स’ गायब. या एका व्हायरसाचा माग काकांनी दोन विंगा आणि एक झेरॉक्सचं दुकान ओलांडून काढला. बी-विंगमधल्या इंजिनिअरिंगच्या मुलानं सबमिशन छापायला पेनड्राइव्ह दुकानात नेला, तिथून तो घरी आला, घरच्या मशीनवरून वडिलांच्या पेनड्राइव्हमध्ये गेला, आणि वडील होते सोसायटीचे खजिनदार. वार्षिक सभेआधी हिशेबाची प्रत त्यांनी सगळ्या कमिटीला त्याच पेनड्राइव्हवरून वाटली. सभेत ‘हिशेब मंजूर आहेत का’ असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा काका उभे राहिले आणि खजिनदारांकडे बघून म्हणाले, “खरं सांगा.” त्या माणसाच्या चेहऱ्याचा रंग असा उतरला, की त्या वर्षी ऑडिटर बदलायचा ठराव एकमतानं पास झाला. व्हायरसाशी त्याचा काही संबंध नव्हता.

आणखी एक व्हायरस ऑर्कुटवाला, म्हणजे जुनी ओळखीची माणसं शोधायच्या तेव्हाच्या सोशल साइटवाला. ब्राउझरमध्ये कुणी ऑर्कुट उघडलं, की ऑर्कुटवर बंदी आहे, मूर्खा, असा इंग्रजी मजकूर आणि खाली अक्षरांत लिहिलेलं राक्षसी हास्य. शेजारच्या घरात तो निघाला. शिस्तीचं घर, बारावीचा मुलगा, ऑर्कुट वर्ज्य. काकांनी शांतपणे तर्क मांडला : हा संदेश ऑर्कुट उघडल्याशिवाय येत नाही. संदेश आला. अर्थात कुणीतरी उघडलं. “खरं सांगा.” मुलगा रडकुंडीला आला, आई त्याच्याकडे बघते आहे, बाबा आईकडे. शेवटी आतल्या खोलीतून आजोबांचा आवाज आला, “अरे, मी जरा शाळेतल्या मुली कुठे आहेत ते बघत होतो.”

गुन्हेगार सापडला की काकांना व्हायरसात फारसा रस उरत नसे. तो काढत, पण निवांत. चारेक तास लागत, मधे दोन चहा, कधी पोहे. जाताना टेबलावर एखादा स्क्रू उरलेला असे. “तो जादाच असतो,” असं म्हणत ते खिशात टाकत.

व्हायरसांचा इतिहास त्यांना स्तोत्रासारखा पाठ. पर्सनल कॉम्प्युटरच्या पहिल्या गाजलेल्या व्हायरसांपैकी ‘ब्रेन’, १९८६ सालचा, लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये तो बसायचा, आणि त्यात दोघा भावांची नावं, दुकानाचा पत्ता, फोन नंबरसुद्धा होता. हे सांगताना काकांचा गळा दाटून येई. “याला म्हणतात खरं सांगणं! नाहीतर तुम्ही.” त्यांच्या घरच्या कालनिर्णयवर संकष्टी आणि प्रदोषाच्या जोडीला ६ मार्च आणि २६ एप्रिल लाल पेनानं गोल केलेले असत. ६ मार्चला मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस हार्ड डिस्कवर नांगर फिरवायचा. १९९२ साली जगभर त्याची बोंब झाली होती. २६ एप्रिल १९९९ला चेर्नोबिल. तैवानच्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला तो व्हायरस मशीनच्या बायॉसलाही हात घालायचा. मग नुसतं फॉरमॅट मारून भागत नसे. दोन्ही व्हायरस इतिहासजमा होऊन वर्षं लोटली, तरी त्या दोन दिवशी काका आपलं मशीन चालू करत नसत. काकू म्हणायच्या, “निदान त्या दिवशी बाजारहाट तरी होते.”

अँटिव्हायरस कुठला घ्यायचा, या प्रश्नावर सोसायटीत तट पडले होते. काकांचा कौल ठरलेला : क्विक हील, कारण तो आपला पुण्याचा. कैलाश काटकर मूळचे रहिमतपूरचे, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळले, आणि धाकट्या भावानं, संजयनं, व्हायरस काढायचा प्रोग्राम लिहिला. ही कथा काका अशी सांगत, जणू ते शेजारच्या बाकावर बसून टॉर्च धरत होते. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात उतरली, तेव्हा काकांनी आम्हाला पेढे दिले. शेअर एकही घेतला नव्हता.

पण पुणेकराला अँटिव्हायरस विकत घे म्हणणं म्हणजे काय, हे ज्यानं अनुभवलं त्यालाच कळेल. तीन मशीनचं पॅक मिळे. ते तीन घरांनी मिळून घ्यायचं, पैसे तिघांत, आणि पावती कुणाकडे राहणार यावर भांडण. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी तिघांपैकी एक म्हणणार, “आमच्याकडे वर्षभर एकही व्हायरस आला नाही, मग पैसे कशाचे?” काही महाभाग अँटिव्हायरसचीच चोरीची की नेटवरून उतरवून घेत, आणि त्या की बनवणाऱ्या प्रोग्रामातच ट्रोजन असे. काका विचारत, “खरं सांगा, की कुठून आणली?” उत्तर ऐकून डोळे मिटून घेत.

सेक्रेटरींनी तर खबरदारी म्हणून एकाच मशीनवर दोन अँटिव्हायरस टाकले. एका गल्लीत दोन वॉचमन ठेवावेत आणि त्यांनी रात्रभर एकमेकांनाच “कोण आहे रे?” विचारत उभं राहावं, तसं झालं. मशीन जागेवरून हलेना. तळमजल्यावर एका घरात परदेशी अँटिव्हायरस होता. व्हायरस सापडला की तो डुकरासारखा किंचाळायचा. सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजींनी स्वतःच्या पेनड्राइव्हवरून आरत्या लावायला दिल्या आणि कथेचा तिसरा अध्याय चालू असताना घरात डुक्कर ओरडलं. काका तीर्थ घ्यायला आले होते. पुढे सरकून गुरुजींच्या कानाशी लागले. काय म्हणाले, ते सांगायला नको.

हा माणूस मला आवडायचा असं मी म्हणणार नाही. पण अस्वलाचं प्रकरण सांगितलंच पाहिजे. ते जरा आधीचं, २००२ सालचं. जगभर एक ईमेल फिरला : तुमच्या विंडोजमध्ये टेडी बेअरचं चित्र असलेली एक फाइल आहे, तो व्हायरस आहे, ताबडतोब काढा. लोकांनी शोधलं तर खरंच प्रत्येकाकडे अस्वल! असणारच, कारण ती विंडोजचीच फाइल होती, आणि तो ईमेल म्हणजे शुद्ध थाप. काका तेव्हा नवे होते, उत्साह दांडगा. त्यांनी दारोदार जाऊन सोसायटीतली यच्चयावत अस्वलं मारली. आठवड्याभरात खरा प्रकार कळला. मग विंडोजची सीडी घेऊन पुन्हा दारोदार गेले आणि प्रत्येक घरात अस्वल जागेवर बसवून आले. पुढे कधीतरी ते रजिस्टर माझ्या हाती लागलं, तेव्हा मी मुद्दाम ते पान काढलं. एकाखाली एक फ्लॅटचे नंबर आणि प्रत्येकापुढे, ‘स्रोत’च्या रकान्यात, निळ्या शाईत एकच शब्द : ‘स्वतः’. ‘वरीलप्रमाणे’ सुद्धा नाही. प्रत्येक ओळीत वेगळा लिहिलेला.

त्याच रजिस्टरात काही नोंदी अशा होत्या, की त्यांच्यापुढे ‘स्रोत’ म्हणून फक्त ‘तपासले, बरोबर’ लिहिलेलं होतं. बँकेचा शेरा. हे काय म्हणून विचारलं, तर काकांनी रजिस्टर मिटलं. मग हळूहळू एकेक आठवायला लागलं. फुल स्कॅन सुरू केला की मशीनमधल्या एकूण एक फायलींची नावं स्क्रीनवरून धावत जात, आणि घरातली माणसं ती पिक्चर बघायला बसल्यासारखी बघत. नेमक्या त्याच वेळी काकांना चहा लागायचा. “चहा टाका. आणि सगळे आत व्हा, गर्दीनं मशीन तापतं.” आम्ही वैतागायचो, माणसांनी मशीन तापतं हे कुठल्या बँकेत शिकवतात? त्या धावत्या नावांत कुणाचा राजीनाम्याचा मसुदा असेल, कुणाचं घटस्फोटाच्या वकिलाला लिहिलेलं पत्र, कुणाच्या कविता, कुणाचे भलतेच व्हिडिओ. चहा येईपर्यंत स्कॅन संपलेला असे. कुणाच्याही घरातलं नाव दुसऱ्या घरात गेलं नाही, आणि आमच्या सोसायटीत तर कुणाच्या कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही चारही मजल्यांना माहीत असतं.

विंडोज आठ आली, २०१२मध्ये, आणि डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस तिच्या पोटातच आला. विकत घ्यायला नको, पॅक वाटून घ्यायला नको. मग सगळे मोबाइलकडे वळले आणि कॉम्प्युटर कव्हर घालून कोपऱ्यात गेले. काका जिन्यात भेटले की विचारत, “अपडेट करताय ना?” आणि पोरं चालता चालता सांगत, “आपोआप होतं काका.” तो शब्द ऐकला की ते थोडा वेळ तिथेच कठड्याला धरून उभे राहत. आताचा फोन तुम्हाला काही विचारतच नाही. तुम्ही कुठे जाता, काय बघता, कुणाला रात्री कितीला मेसेज करता, सगळं त्याला ठाऊक असतं, आणि तो चहा मागून कुणाला आत पाठवत नाही.

मागच्या वर्षी डी-विंगमधल्या निवृत्त बाईंचे पैसे गेले. व्हॉट्सॲपवर जुन्या विद्यार्थ्याच्या नंबरावरून लग्नपत्रिका आली. पत्रिका म्हणजे एपीके, मोबाइलमध्ये टाकायचा प्रोग्राम. तीसेक वर्षांनी कुणीतरी आठवण ठेवली या आनंदात बाईंनी जे जे विचारलं त्याला ‘हो’ म्हटलं. प्रोग्रामला मेसेज वाचायची परवानगी मिळाली, बँकेचे ओटीपी परस्पर भलतीकडे जाऊ लागले. मुलगा अमेरिकेत, त्याला कळवायची त्यांची तयारी नव्हती. ग्रुपवर मात्र बातमी फुटलीच, आणि ‘शिकलेल्या लोकांनी तरी’ वगैरे सुरू झालं.

काका चार मजले चढून गेले. मी सोबत होतो, कारण लिफ्ट बंद होती आणि त्यांचा गुडघाही. चपला बाहेर काढल्या, बाईंच्या समोर बसले, फोन विमान मोडवर टाकला, आणि बटण दाबून धरत तो सेफ मोडमध्ये नेला. फोनलाही सेफ मोड असतो, हे मला माहीत नव्हतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात ती अक्षरं उमटली तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याचं वर्णन मी करत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “चहा टाक जरा.” स्वयंपाकघरात मला फक्त एवढंच ऐकू आलं, “ताई, खरं सांगा,” आणि त्यानंतर बराच वेळ बाईंचा आवाज. चहा घेऊन आलो तेव्हा तो प्रोग्राम काढलेला होता आणि काका स्वतःच्या फोनवरून १९३० लावून सायबर पोलिसांना व्यवहारांचे नंबर एकेक अंक सुटा करून सांगत होते.

रात्री ग्रुपवर सेक्रेटरींनी विचारलं, “नक्की कसं झालं हे? त्यांनी कशावर क्लिक केलं? सर्वांच्या माहितीसाठी कळवावे.” बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग ग्रुपवर कधीच काही न लिहिणाऱ्या काकांचा मेसेज आला : “आपोआप.”

त्याखाली सेक्रेटरींनी हात जोडले आणि ‘सावधान’ म्हणून एक लिंक पाठवली : सुरक्षिततेसाठी हे ॲप आजच डाउनलोड करा. सकाळपर्यंत सात जणांनी केलं होतं.