एक शेकडा काटकसर

आमच्या घरात पैसा नेमका कुठे असतो, हे मला ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री कळलं. पाचशे-हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद, असं टीव्हीवर जाहीर झालं आणि शेजारी बसून मटार सोलणारी बायको ताट खाली ठेवून, एक अक्षर न बोलता स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, कुकर बघायला गेली असेल. पंधरा मिनिटांनी आली तेव्हा तिच्या हातात परात होती आणि परातीत नोटा. तूरडाळीच्या डब्यातल्या, रव्याच्या डब्यातल्या, फडताळातल्या कागदाखालच्या आणि झाकण हरवलं म्हणून माळ्यावर टाकलेल्या जुन्या कुकरमधल्या. मोजल्या तर साडेतेवीस हजार. आदल्याच महिन्याच्या २८ तारखेला मी तिच्याकडे हजार रुपये उसने मागितले होते आणि तिने 'बघते हो, कुठे काही सापडतंय का' म्हणत, मोठा सुस्कारा टाकून, ते दोन हप्त्यांत दिले होते. पुढे बँकेच्या रांगेत साडेतीन तास उभं राहून त्या नोटा मीच भरल्या. काउंटरवरच्या बाईंनी गठ्ठा हातात घेतला, किंचित हुंगला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हिंग का?"

सांगायचा मुद्दा, काटकसर हा आमच्या घरात तिचा प्रांत. मी एका पतसंस्थेत एकतीस वर्षं हिशेब बघतो, लोकांचं व्याज पैशापैशापर्यंत काढून देतो, पण घरात माझा आर्थिक दर्जा 'सुट्टे आहेत का बघा जरा' एवढाच. तिच्याकडे एक दोनशेपानी वही असते आणि पाकिटं असतात. लग्नात आहेराची म्हणून येतात ना, डाव्या कोपऱ्यात गणपती असलेली, तीच. ती फेकायची नाहीत. आतला आहेर संपला की त्यांच्यावर 'दूध', 'किराणा', 'गॅस', 'औषधं' असं लिहून पगाराच्या दिवशी त्यांत पैसे पडतात. महिनाभर घर त्या पाकिटांवर चालतं.

यंदा जूनमध्ये पाकिटं जरा चेपलेली दिसायला लागली. फ्लॅटचा हप्ता होताच, त्यात मुलाच्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची फी आणि सोसायटीच्या लिफ्टची वर्गणी एकाच महिन्यात आली. रात्री जेवताना बायको म्हणाली, "या महिन्यात जरा हात आखडता घ्यायला लागेल." एवढंच म्हणाली. त्यावर गप्प बसून आमटी ओरपणं हे शहाण्या माणसाचं काम होतं. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो, "एक महिना घरखर्च माझ्याकडे दे. काटकसर कशी करतात ते दाखवतो."

मुलगा ठसकला. बायको मात्र शांतपणे उठली आणि पाकिटं माझ्यासमोर आणून ठेवली. तीस वर्षांच्या संसारात ती इतक्या चटकन कशालाच 'बरं' म्हणालेली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. फक्त एक गुलाबी पाकीट तिने स्वतःकडे ठेवलं, नाव लिहिलेली बाजू खाली करून.

सुरुवात विजेपासून केली. बिलाची मागची बाजू मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली. पहिल्या शंभर युनिटांना एक दर आणि शंभरच्या पुढच्या युनिटांना त्याच्या दुपटीच्या आसपास. आमचं बिल १३० युनिटांचं. म्हणजे फक्त तीस युनिटं खाली आणायची! मी पॅसेजमधल्या दिव्यापासून सुरुवात केली, कारण तो रात्री उगाच जळतो असा माझा लहानपणापासूनचा संशय आहे. वडील वाड्यात असताना 'दिवा कोणाच्या बापाचा जळतोय' असं रोज विचारायचे, आणि तो त्यांच्याच मुलाच्या बापाचा जळत असल्यामुळे मी तेव्हा गप्प बसायचो. आता बाप मी होतो. दिवा बंद केला. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलो, अंधारात चाचपडत निघालो, आणि गेली अकरा वर्षं ज्या जागी टीपॉय आहे त्याच जागी तो असल्याचं माझ्या उजव्या पायाच्या करंगळीला कळलं. माझा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला म्हणतात. आम्ही पहिल्यावर राहतो.

करंगळी वांग्यासारखी झाली. डॉक्टरांनी ३०० घेतले आणि एक्स-रे काढायला लावला, त्याचे ४५०. हाड शाबूत होतं. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मी, धंद्याची सवय म्हणून, हिशेब केला. पॅसेजमधला बल्ब एलईडी, ९ वॅटचा. एक युनिट म्हणजे हजार वॅट एक तास. म्हणजे तो बल्ब १११ तास जळेल तेव्हा कुठे एक युनिट होणार. रोज चार तास धरला तरी महिन्याला जेमतेम एक युनिट, म्हणजे फार तर दहा-बारा रुपये. आणि आमचा २ हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात तेवढंच युनिट गिळतो, आणि मुलगा तो रोज सकाळी चालू करून मोबाईल बघत बसतो. मी चुकीच्या आरोपीला पकडलं होतं.

डॉक्टरांचे पैसे 'औषधं'च्या पाकिटातून काढायला गेलो तर बायको म्हणाली, "त्याला हात लावू नका, त्यात आईंच्या बीपीच्या गोळ्या आहेत." आणि गुलाबी पाकिटातून ७५० रुपये काढून दिले. मला भरून आलं.

गीझर बंद करायची माझी हिंमत झाली नाही, कारण मुलाच्या परीक्षा होत्या आणि तो माझ्यापेक्षा उंच आहे. म्हणून मी रात्री सगळे झोपल्यावर फ्रिज बंद केला. माझा विचार असा, की रात्री फ्रिज कोणी उघडत नाही, मग आतला गारवा जाणार कुठे? तो कुठे जातो हे सकाळी दोन लिटर दुधाने सांगितलं. बायकोने नासलेलं दूध फडक्यात बांधून टांगलं, पण पनीर म्हणून कोणी त्याला तोंड लावलं नाही. पुन्हा गुलाबी पाकीट, १२० रुपये.

साबणाचं थोडक्यात सांगतो. झिजलेले तुकडे एकत्र दाबून नवी वडी करायची, ही आमच्या आईची पद्धत. मी केली. त्यातला एक तुकडा कपड्यांच्या साबणाचा होता. आठवडाभर मी ऑफिसात पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होतो.

आता कोथिंबीर.

पुण्यात आमच्या धायरीत कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी त्या दिवसांत कोथिंबिरीची जुडी २० रुपयांना देत होत्या, आणि देताना असा चेहरा करत होत्या की जुडी नाही, पोरगीच देतायत. मी म्हटलं, मूळ गाठू. रविवारी पहाटे साडेचारला उठलो, स्वारगेटची पहिली बस धरली आणि दोन कापडी पिशव्या घेऊन लंगडत गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शिरलो. तुम्ही त्या वेळी तिथे गेला नसाल तर सांगतो: ट्रकचे दिवे, ओल्या बारदानाचा वास, पायाखाली कोबीची पानं, आणि दर दोन मिनिटांनी मागून 'ओ काका, बाजू' असा आवाज. आपण बाजूला होतो तोच त्या बाजूने दुसरा हातगाडा येतो. पालेभाज्यांच्या गल्लीत कोथिंबिरीचे हिरवेगार ढीग लागले होते, वरून पाणी मारलेले, आणि तो वास असा की माणसाला विनाकारण पोहे खावेसे वाटावेत. एका आडत्याला विचारलं, "कोथिंबीर कशी?"

"पाचशे."

मी दोन पावलं मागे आलो. शेजारच्या माणसाला दया आली. "शेकडा पाचशे, काका."

इथे माझा धंदा नडला. शेकडा हा शब्द मी एकतीस वर्षं फक्त व्याजात ऐकलेला, द.सा.द.शे., म्हणजे दरसाल दरशेकडा. कोथिंबिरीला पाचशे टक्के व्याज कसं, या कोड्यात मी मिनिटभर अडकलो. मग डोक्यात प्रकाश पडला: शंभर जुड्यांचे पाचशे, म्हणजे जुडी ५ रुपये! मावशींकडे २०! एका जुडीमागे पंधरा रुपये! मी ऐटीत म्हणालो, "चार द्या."

"चार शेकडे?"

"चार जुड्या."

आडत्याने वहीतून मान वर केली. रागावला नाही, उलट समजूत घातल्यासारखा म्हणाला, "काका, इथे शेकड्याच्या खाली नाही सुटत. चार जुड्या बाहेर मिळतील." बाहेर म्हणजे जिथून मी रोज घेतो तसल्याच ठिकाणी. आजूबाजूचे चार व्यापारी बघत होते. वीस रुपये खर्चून, करंगळी सांभाळत, पहाटेच्या काळोखात आलेला माणूस रिकाम्या पिशव्या घेऊन परत जाऊ शकत नाही. बचत शंभर गुणिले पंधरा, म्हणजे दीड हजार होत होती, आणि हा गुणाकार बरोबर होता. मी शेकडा घेतला.

शंभर जुड्या म्हणजे किती, याची मला कल्पना नव्हती. त्या दोन कापडी पिशव्या त्यांच्यासमोर रुमालासारख्या दिसत होत्या. हमाल बोलावला. त्याने ५० सांगितले, मी ३० म्हणालो. बाबा आढावांनी ज्यांची हमाल पंचायत बांधली त्या माणसांपुढे मी घासाघीस करायला निघालो होतो. त्याने गठ्ठा पाठीवर घेत सहज विचारलं, "तुम्ही काय करता?" म्हटलं, पतसंस्थेत असतो. "मग तिथे व्याज कमी करा म्हणलं तर करता का?" मी ५० दिले.

बसमध्ये गठ्ठा घेईनात, म्हणून रिक्षा. रिक्षावाला मागच्या सीटवरच्या हिरव्या डोंगराकडे आणि त्याच्या कडेला चिकटलेल्या माझ्याकडे आरशातून बघत होता. दांडेकर पुलाच्या सिग्नलला त्याला राहवलं नाही.

"हॉटेल आहे का काका?"

"नाही."

"मग लग्न?"

"नाही."

नंतर धायरीपर्यंत तो काही बोलला नाही. ३०० रुपये घेताना मात्र त्याने एक जुडी मागून घेतली.

दार बायकोने उघडलं. तिने गठ्ठा पाहिला, मला पाहिलं, पुन्हा गठ्ठा पाहिला. "अहो, किती माणसं येणार आहेत?"

मी हिशेब सांगितला. हमाली, रिक्षा धरूनसुद्धा जुडी साडेआठ रुपयांना पडते, मावशींकडे २०. "बरोबर आहे," ती म्हणाली. "आता नव्व्याण्णव जुड्या ठेवू कुठे तेवढं सांगा."

फ्रिजमध्ये वीस मावल्या. उरलेल्या बादल्यांत, टपात, कुंडीच्या ताटल्यांत आणि शेवटी न्हाणीघरात उभ्या केल्या. त्यामुळे काही दिवस कोणाला धड अंघोळ करता आली नाही, आणि गीझर बंद राहिला. हे एकच काम माझ्या काटकसरीने साधलं, तेही चुकून.

मग वड्या. कोथिंबीर फुकटातली असली तरी वडीला बेसन लागतं आणि तळायला तेल, हे माझ्या गुणाकारात आलं नव्हतं. चार किलो बेसन ४००, दोन लिटर तेल ३००, दोन्ही वेळा गुलाबी पाकीट. सोमवारी उकडलेल्या वड्या, मंगळवारी तळलेल्या, बुधवारी वड्यांची आमटी, गुरुवारी आईने उपवास धरला. एरवी ती गुरुवार करत नाही. मुलगा डबा नको, कँटीनमध्ये खातो म्हणायला लागला. शेवटी बायकोने बिल्डिंगमध्ये घरोघर वाटी भरून वड्या आणि दोन-दोन जुड्या पोचवल्या, तेव्हा कुठे न्हाणीघराची फरशी दिसली.

पण आपल्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. दोन दिवसांत सगळ्या वाट्या परत आल्या. चार नंबरवाल्यांची कोथिंबिरीची चटणी घेऊन, सात नंबरवाल्यांची कोथिंबीर पराठ्याचे तुकडे घेऊन, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंची चक्क वड्या घेऊन. "तुमच्याच कोथिंबिरीच्या हो," त्या कौतुकाने म्हणाल्या. "बघा बरं तिखटमीठ." मी बघितलं.

उरलेल्या तीसेक जुड्या पिवळ्या पडून सोसायटीच्या खतखड्ड्यात गेल्या. सेक्रेटरींनी व्हॉट्सअॅपवर माझे जाहीर आभार मानले.

तीस तारखेला मी पाकिटं परत केली आणि हारही मानली. बायको काही बोलली नाही. रात्री ती झोपल्यावर मी तिची वही उघडली. चोरून नव्हे, हिशेबनीस म्हणून. दूध, किराणा, गॅस, सगळं तिच्या बारीक अक्षरात जागच्या जागी होतं. म्हणजे महिनाभर खरा हिशेब तीच ठेवत होती. मला पाकिटं खेळायला दिली होती. आणि पानाच्या तळाशी एक खातं होतं, जे एकतीस वर्षांत मी कुठल्याही ताळेबंदात पाहिलेलं नाही: 'ह्यांची काटकसर'. तारीख १, तरतूद २,५००. खाली नोंदी. डॉक्टर व एक्स-रे ७५०. दूध १२०. कोथिंबीर, हमाली, रिक्षा ८५०. बेसन, तेल ७००. एकूण २,४२०. मी दोनदा बेरीज करून पाहिली. बरोबर होती.

शिल्लक ८०.

म्हणजे महिन्याअखेर बचत झाली होतीच. ते ८० रुपये कुठल्या डब्यात गेले एवढं मात्र अजून सापडलेलं नाही. घरात कोणी नसलं की मी एकेक झाकण उघडून हुंगतो.