नदी मोरीतून वाचते

वारंगा फाट्यावर गाडी थांबली की माणूस आधी खिचडी शोधतो. नागपूरकडे निघालेला असो, हिंगोलीकडे असो की नांदेडकडे, गरम प्लेट हातात पडल्याशिवाय त्याचा प्रवास पुढे सरकत नाही. पाच मिनिटांत खिचडी संपते. प्लेट उरते.

ती जाते कुठे?

डब्यात गेली तर उत्तम. नाही गेली तर पहिल्या पावसात नालीत, नालीतून ओढ्यात, ओढ्यातून नदीत, आणि नदी कुठलीही धरा, शेवटी गोदावरीत. टाकणारा हात झटकून गाडीत बसतो. पुढे कधीतरी कुठल्यातरी काठावर वीस पोरं हातमोजे घालून तीच प्लेट चिखलातून उपसतात. टाकणाऱ्याचा एक क्षण, उचलणाऱ्या वीस जणांचा अख्खा रविवार. हा हिशेब कुठल्या गावाला परवडणार?

नदी वाचवण्याचं आपलं सगळं काम या रविवारात अडकून पडलं आहे.

वारंगा फाटा कळमनुरी तालुक्यातला, आणि या तालुक्याची नदी कयाधू. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात उगम, मग सेनगाव, हिंगोली, कळमनुरी, आणि पुढे हदगाव तालुक्यात पैनगंगेला मिळते. नाव प्रल्हादाच्या आईचं. काठावर नर्सी, संत नामदेवांचं जन्मगाव. नामदेवांची ६१ पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत, म्हणून थेट पंजाबातून माणसं नर्सीला येऊन माथा टेकतात. एवढी पुण्याई किती नद्यांच्या वाट्याला येते? आणि तिच्याच कोरड्या पात्रातून उन्हाळ्यात माणसं चपला न काढता पलीकडे जातात.

या नदीसाठी राबणारी माणसं हिंगोली जिल्ह्यात आहेत, आणि ती आजकालची नाहीत. उमऱ्याची उगम ग्रामीण विकास संस्था आणि जयाजी पाईकराव यांनी कयाधूचा विषय लावून धरला, तेव्हा त्यात ना पैसा होता ना प्रसिद्धी. पुढे २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामहून राज्य सरकारचं ‘चला जाणूया नदीला’ अभियान निघालं. स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव म्हणून ७५ नद्या निवडल्या, त्यांत कयाधू आली. नदी समन्वयक नेमले गेले. संवाद यात्रा निघाल्या. गावागावांत नदी प्रहरी तयार झाले.

प्रहरी म्हणजे पहारेकरी. पहारेकऱ्याच्या हातात काठी लागते, आणि त्याने हाक मारली की धावून येणारा कुणीतरी लागतो. आमच्या प्रहरींना यातलं काय मिळालं?

नाव मिळालं.

रात्री वाळूचा हायवा पात्रात उतरला तर प्रहरीने काय करायचं? तलाठ्याला फोन, मंडळ अधिकाऱ्याला फोन, तहसीलला फोन. फोन उचलला जाईपर्यंत हायवा डांबरीला लागलेला असतो. वाळू गौण खनिज, तिचं स्वामित्वधन शासनाच्या तिजोरीत. राखण मात्र गावातल्या किराणावाल्याने, शाळामास्तरने, दोन एकरवाल्या शेतकऱ्याने जीव मुठीत धरून करायची? सकाळी त्याला त्याच गावात राहायचं असतं, हे कुणाच्या लक्षात आहे का? स्वयंसेवक नदीचे डोळे होऊ शकतात. हात शासनाचेच हवेत.

आकडे बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, २०२२ च्या अहवालात ते ३११ वर आले. देशात ४० कमी झाले. महाराष्ट्रात? ५३ चे ५५ झाले. दोन्ही वेळा आपला पहिला नंबर.

राज्यात स्वयंसेवक कमी पडले म्हणून हे झालेलं नाही. पाणी प्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ चा आहे. पन्नाशी उलटली त्याला.

आता दोन शब्द आपल्याच माणसांना. रागावू नका, दादा.

काठावर मोहीम म्हटली की पहिला कोयता बेशरमावर पडतो. हिरवी कांडी, फिकट जांभळं फूल, जनावरही सहसा तोंड लावत नाही. सपासप कापायचं, काठावरच ढीग रचायचा, ढिगासमोर फोटो काढायचा आणि घरी जायचं. पहिल्या पुरात तो ढीग वाहून जातो. बेशरमाची कांडी ओल्या मातीत पडली की तिला मुळं फुटतात. म्हणजे ज्येष्ठात आपण कापलेलं बेशरम आषाढात खालच्या गावात लागवड होऊन पोचतं. मुळासकट उपटा, पाण्यापासून लांब न्या, उन्हात खडखडीत वाळवा. काम दुपटीने वाढतं, माहीत आहे. पण एवढं करायचं नसेल तर कोयता घरीच ठेवलेला बरा.

दुसरं वेड पोकलेनचं.

चार पैसे गोळा झाले, कुणी देणगीदार भेटला, की खोलीकरण. डोहात साचलेला गाळ काढून शेतात टाकणं वेगळं आणि नदी खरवडणं वेगळं. आपल्या भागात खाली काळा पाषाण. त्यावर मुरूम, त्यावर वाळू. हे दोन थर पावसाचं पाणी पोटात धरतात आणि पुढे हिवाळाभर हळूहळू सोडतात, म्हणून तर नदी वाहती राहते. ते थर ओरबाडून पाषाणाला टेकलात की उरतो एक लांबलचक हौद. काठच्या विहिरीचं पाणीसुद्धा त्यात उतरतं आणि उन्हाने उडून जातं. उद्घाटनाच्या दिवशी तुडुंब, आणि मार्चमध्ये? जलयुक्त शिवार योजनेवर ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल वाढवण्यात फारसं यश आलं नाही, असं कॅगने २०२० मध्येच सांगितलं. यंत्राने खणलेल्या मीटरची बिलं निघतात. जिरलेल्या पाण्याचं मोजमाप कोण ठेवतं?

मग नदीच्या पुढाऱ्याने करायचं काय?

नदीकडे पाठ करायची आणि गावात शिरायचं.

हदगावच्या पलीकडे हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. तिथे घराघरामागे शोषखड्डे झाले. साधा खड्डा, चार फूट लांब, चार रुंद, चार खोल. मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे आणि वाळू. मोरीतलं पाणी टाकीत येतं, गाळ तळाशी बसतो, पाणी भोकांतून बाहेर पडून जमिनीत मुरतं. नाली कोरडी. डास गेले. नांदेड जिल्हा परिषदेने हाच नमुना बाकीच्या गावांत नेला आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून तो राज्यभर गेला.

टेंभुर्णीकरांपुढे प्रश्न नालीचा आणि डासांचा होता. पण जे सांडपाणी नालीत उतरलंच नाही ते ओढ्याला लागणार कसं, आणि ओढ्याला न लागलेलं नदीत जाणार कुठून? काठावर एकही फलक न लावता झालेलं हे नदीचं काम आहे. वारंगा फाट्यापासून गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. कयाधूकाठच्या किती गावांनी जाऊन बघितलं?

पैसा नाही म्हणाल तर तेही खोटं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे फक्त पिण्याचं पाणी, पाण्याचा पुनर्वापर आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. तुमच्या गावात तो कशावर गेला? ग्रामसेवकांना कधी विचारलंत?

नदीवर श्रमदानाला येणारे शंभर जण असतात. ग्रामपंचायतीचा आराखडा वाचणारा एक नसतो.

इथे बायांचा विषय काढायलाच हवा. घरातलं किती पाणी मोरीत जातं, पावसाळ्यात नाली कुठे तुंबते, कुणाच्या हापशाला कोणत्या महिन्यात वास येतो, हे गावात कुणाला ठाऊक असतं? धुणं-भांडी करणाऱ्या बाईला. आणि नदी समितीच्या बैठकीत खुर्च्यांवर कोण बसलेलं असतं? सगळे दादा, भाऊ आणि साहेब. मावशी चहा घेऊन येतात आणि परत जातात. ज्यांच्याकडे नदीची खरी माहिती आहे त्यांना दारात उभं ठेवून आपण नदीवर चर्चा करतो.

मावशींना बसायला सांगा. बैठक तिथून सुरू होईल.

जलपुरुष राजेंद्रसिंहांचं नाव आपल्याकडे उठताबसता घेतलं जातं. राजस्थानात जोहड, म्हणजे पाणी अडवणारे मातीचे बांध, बांधले आणि अरवरी नदी वाहती झाली, ही अर्धी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. उरलेली अर्धी कुणी सांगत नाही. नदी वाहती झाल्यावर तिथल्या सत्तरएक गावांनी अरवरी संसद भरवली आणि पाणी कुणी, किती, कोणत्या पिकाला घ्यायचं याचे नियम केले. उसाला बंदी घातली. नदी आणणं सोपं होतं असं नाही, पण ती टिकली त्या नियमांमुळे. आपल्याकडे ऊस, केळी, हळद, सगळ्यांना पाणी हवं आणि नियम कुणालाच नको. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. हमखास पैसा देणारं दुसरं पीक त्याच्यापुढे कुणी ठेवलेलं नाही. पण नदीच्या सभेत पिकाचं नाव काढायचंच नाही, हा कुठला शहाणपणा?

कयाधूसाठी माणसं चिडत नाहीत असंही नाही. खरबी बंधाऱ्यातून तिचं पाणी इसापूर धरणात वळवायची योजना आली तेव्हा जिल्हा पेटून उठला. रास्तच होतं. आपलं पाणी दुसरीकडे जाताना गप्प बसणारा जिल्हा कामाचा नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की नदीतलं पाणी बाहेर जाताना जो राग येतो, तो नदीत घाण आत येताना का येत नाही? पाणी नेणारा परका असतो. घाण सोडणारे आपणच असतो. म्हणून?

शहरांचं गणित वेगळं, हे मान्य. हिंगोलीसारखं गाव काठावर वसलेलं, नाल्यांचा उतार नदीकडेच. तिथे शोषखड्डा पुरत नाही, सांडपाणी प्रक्रिया केंद्र लागतं, आणि ते वर्गणीतून उभं राहत नाही. छत्रपती संभाजीनगरात खाम नदीचं काम हललं ते महापालिका, छावणी परिषद, उद्योग आणि इकोसत्त्वसारखी संस्था एकत्र आल्यामुळे. त्या कामाची दखल जागतिक पारितोषिकाच्या अंतिम फेरीपर्यंत घेतली गेली. तिथेही स्वयंसेवक आहेत. पण कचऱ्याची गाडी नाल्याकाठच्या वस्तीत रोज पोचते की नाही, हे बघणं पालिकेचं काम आहे आणि ते पालिकेलाच करायला लावलं गेलं. आमच्याकडे स्वयंसेवकाला आधी शाल देतात, मग झाडू देतात आणि मग पालिका घरी जाते.

शाल परत करा. झाडूही परत करा. त्याऐवजी वही घ्या.

वहीत लिहायचं काय? गावातल्या पाच विहिरींची पातळी, दर महिन्याच्या एकाच तारखेला. दोर, दोराला दगड, हातभर अंतरावर गाठी. ओली गाठ मोजायची आणि आकडा लिहायचा. नदी वाहायची कोणत्या दिवशी थांबली, ती तारीख. कोणत्या नालीचं तोंड कुठे उघडतं, त्याची खूण. शाळेतली सातवीची पोरगीही हे करू शकते. तीन वर्षांची अशी वही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली तर तिच्यापुढे कुणाचंही भाषण टिकणार नाही. आणि कोणत्या समितीने काय केलं, हेही जूनमधल्या वृक्षारोपणावरून न ठरता मे महिन्याच्या आकड्यावरून ठरेल.

कयाधूसाठी ज्यांनी वर्षं घातली त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांना एकटं सोडल्याचा राग आहे. त्यांनी प्लास्टिक वेचत राहावं आणि आपण फाट्यावर प्लेट टाकत राहावं, हे चालायचं नाही.

वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. पुढची १५ ऑगस्टची असो की २ ऑक्टोबरची, जा. झेंड्यासमोर उभं राहून घरी परतू नका, सभेला बसा. एकच प्रश्न विचारा: आपल्या गावात किती घरांच्या मोरीचं पाणी उघड्या नालीत जातं, आणि त्यांतल्या किती घरांना या वर्षी शोषखड्डा देणार?

उत्तर तोंडी घेऊ नका. ठरावाच्या नोंदवहीत लिहून घ्या, आणि त्याची नक्कल मागा.