चोवीस तास पाणी

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. भीमेवरच्या उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून लांबच्या जलवाहिनीतून ते शहरात पोचतं. त्यामुळे पाण्याच्या दिवशी शुक्रवार पेठेत बादल्या, हंडे, पिंपं आणि माणसं सगळीच रांगेला लागतात. अशा पेठेतल्या एका घरात मात्र चोवीस तास अखंड पुरवठा चालू होता. संडासातल्या फ्लशच्या टाकीत.

हे घरातल्या बाईंच्या ध्यानात आलं.

"अहो, रात्री कुणी पाणी वापरतंय का?"

"उंदीर असंल."

"उंदीर फ्लश करतो होय?"

गृहस्थ निवृत्त कारकून. कागद-पेन्सिल घेऊन बसले. मिनिटाला फक्त 100 मिलिलिटर गळती धरली तरी दिवसाला 144 लिटर, चार दिवसांत 576. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी अर्ध्याहून जास्त कुणी न वापरताच गटारात. हा आकडा ऐकून बाईंनी चहा अर्धा कप केला. काटकसर कुठून तरी सुरू करायला हवी.

प्लंबरने झाकण उघडून निदान केलं, "अख्खा सेट बदला की ओ मालक." प्लंबरांच्या शास्त्रात वायसर नावाचा अवयव स्वतंत्रपणे कधी मरतच नाही.

खरं तर अशा टाकीत संशयित दोनच. पाणी आत घेणारा फ्लोटचा व्हॉल्व्ह बंद होत नसेल, तर जादा पाणी मधल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली जातं. तळाचं रबर नीट बसत नसेल, तर टाकी खालूनच गळते. ओळखायची युक्ती सोपी आहे: आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीची रेघ मारायची आणि बाहेरचा अँगल कॉक बंद करायचा. अर्ध्या तासात पाणी रेघेखाली उतरलं, तर दोष रबराचा. रेघेवरच राहिलं, तर फ्लोटकडे बघायचं.

जुन्या लोखंडी, साखळीच्या टाक्या हा ताप देत नसत. त्यांच्यात सायफन असे. पाणी वर चढून मगच खाली कोसळे, त्यामुळे तळातून झिरपायला वाटच नव्हती. आवाज मात्र असा, की कोण कधी गेलं ते अख्ख्या वाड्याला कळे. ब्रिटननेही कितीतरी वर्षं सायफनच सक्तीचा ठेवला होता. तळाला व्हॉल्व्ह असलेल्या टाक्यांना तिथे 2001 पासून परवानगी मिळाली आणि गळतीच्या तक्रारीही मागोमाग आल्या. सोय झाली की गळती आलीच, हे सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या आपल्या गृहस्थांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

दुरुस्तीच्या दिवशी आत गृहस्थ एकटे आणि दाराबाहेर सल्लागार चौघे. त्या खोलीत एकच माणूस मावतो, म्हणून तरी काम झालं. रेघेखाली पाणी उतरलेलं होतं, म्हणजे गुन्हेगार रबर. रबराच्या कडेला जड पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर चढला होता. तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून निघाला, पण रबर कडक होऊन वाकलेलं होतं, ते काही सरळ होईना. तेवढ्यात आजींनी बाहेरून विचारलं, "किती वेळ रे?" त्या प्रश्नातल्या निकडीपुढे चौघांचे सल्ले एकदम थांबले.

नवं रबर आणायला जाताना जुनं खिशात घालून न्या. टाक्यांच्या तोंडांची मापं वेगवेगळी असतात, आणि दुकानात बोटांनी गोल करून दाखवलेलं माप घरी येईपर्यंत बदलतं.