लेखक आपल्या भेटीला, भरीत आपल्या पानात

आमच्या चोपड्यातल्या पुस्तकांच्या दुकानाचं वर्ष जूनमध्ये उगवतं आणि जुलैत मावळतं. गाईडं, वह्या, खाकी कव्हरं संपली की उरलेले दहा महिने शेठ कादंबऱ्यांवरची धूळ झटकतात. यंदा त्यांनी ठरवलं, महिन्याला एक लेखक दुकानात आणायचा. मॅजेस्टिकच्या गप्पांना पार्ल्यात गर्दी होते, मग तापीच्या अलीकडे का होऊ नये? पलीकडे अमळनेरला साहित्य संमेलन झालं 1952 मध्ये आणि मग थेट 2024 मध्ये. याच हिशेबानं पुढचं 2096 ला. तोवर गिऱ्हाईक थांबेल, पण दुकानाचं भाडं थांबत नाही.

पहिला लेखक मी. "पुण्याचे सर पुढच्या महिन्यात येताहेत, नाना. तोवर तुम्ही चालवून घ्या." यातलं 'तोवर' मी ऐकलंच नाही. नवा झब्बा शिवला. पुस्तकावर द्यायच्या सहीचा इतका सराव केला की पुढे बँकेनं माझा चेक परत पाठवला.

हँडबिलावर माझं नाव होतं आणि त्याहून ठळक अक्षरांत 'कार्यक्रमानंतर भरीत-पुरी'. आता भरिताचं निघालंच आहे तर सांगतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मला अजून तालुक्याचाही पुरस्कार नाही. हे वांगं हिरवट, पांढुरकं, बिया कमी. गॅसवर भाजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांची कीव करतो. ते कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच भाजायचं, साल काढून लाकडी भांड्यात मुसळानं ठेचायचं. हिरवी मिरची आणि लसूण भरपूर, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि तेल डॉक्टरांना न विचारता. टोमॅटो घालणाऱ्याला आमच्याकडे कुणी मुलगी देत नाही. तर हे सगळं दुकानामागच्या बोळात चाललं होतं आणि वारा दुकानाकडे होता.

मी माझा सर्वांत हळवा लेख वाचत होतो. श्रोत्यांनी डोळे मिटले. एकानं तर दीर्घ श्वास घेतला. मी धन्य होऊन थांबलो, तशी मागून हाक आली, "नाना, भाषण भारी शे, पन भरीत कठे शे?"

जेवणं झाली. सगळ्यांनी माझ्यासोबत फोटो काढले. एका तरुणानं माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो काढला, दुकानाच्या पायरीवर उभं राहून ते मोबाईलवर शोधलं आणि सवलतीत मागवून टाकलं. "नाना, घेतलं बरं का तुमचं पुस्तक!" शेठ जवळच उभे होते. मला आनंद व्हावा की संताप, कळेना. खरं सांगतो, आधी आनंदच झाला. संताप शेठचा चेहरा पाहिल्यावर आला.

ऐकणाऱ्यांना नावं ठेवायची आपल्याला सोय नाही. हा बहिणाबाईंचा मुलूख. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात गाणी सुचली ती ऐकणाऱ्यांनी टिपून घेतली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं, म्हणजे अमळनेरच्या त्या पहिल्या संमेलनाच्याच वर्षी. बहिणाबाई आदल्या डिसेंबरात गेल्या होत्या. कुणीतरी कागदावर उतरवलं, कुणीतरी छापलं, कुणीतरी दुकानात मांडलं, म्हणून ती गाणी गावाबाहेरच्यांनाही मिळाली. त्या साखळीतला मांडणारा माणूस आमच्याकडे वर्षातले दहा महिने धूळ झटकतो, याचा मला राग येतो.

तेव्हा चोपडेकरांनो, पुढच्या महिन्यात पुण्याचे सर येताहेत. भरीत आहेच. फुकट ऐका, पोटभर जेवा, पण जाताना एक पुस्तक शेठकडून, छापील किमतीत, रोख घ्या. सरांचं घेतलंत तरी चालेल. माझं मात्र गल्ल्याशेजारीच ठेवलंय, आधी तेवढं चाळून बघा.